पाखडलेले कागद

प्रेमलाबाईंनी पहिल्या दिवशी मला नाव विचारलं नाही. कामावर दिवसभरात इंग्रजी अक्षरं किती ठिकाणी दिसतात, ते विचारलं. मी म्हणालो, कधी मोजलं नाही. ‘मग उद्या मोजून ये,’ असं म्हणून त्या परत भाकरी थापायला बसल्या.

दुसऱ्या दिवशी मी मोजलं. क्रेनवर, पेट्यांवर, पत्र्याच्या पाट्यांवर, वजनांना तारेनं बांधलेल्या टॅगवर. एकसष्ट ठिकाणं झाली. सांगायला गेलो तेव्हा त्यांनी नाव विचारलं.

ही १९६७ सालच्या मे महिन्यातली गोष्ट. तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम जोरात होतं. मी देवू, मनोरच्या पुढे डोंगरात आमचा पाडा आहे तिथला. चौथी शिकलेला. साइटवर दोन वर्षं मातीकाम केलं, मग खलाशांच्या टोळीत घेतलं. जड वजन दोरखंडानं, साखळीनं, क्रेननं उचलून जागेवर बसवणारी ती खलाशी टोळी. गाठ एकदा दाखवली की मला दुसऱ्यांदा दाखवावी लागत नसे. इंग्रजीचं मात्र एक अक्षर येत नव्हतं.

तोवर त्यावाचून काही अडलं नव्हतं. पण मोठी यंत्रं यायला लागली, तेव्हा आमचे फोरमन शांताराम राऊत यांनी नियम केला. ज्याला टॅग वाचता येत नाही, त्यानं वजनाला हात लावायचा नाही. ऑगस्टमध्ये एक परीक्षा, दिवाळीनंतर दुसरी. दोन्हींत नापास झाला तो परत मातीकामावर. आणि मातीकाम त्या दिवाळीनंतर संपणारच होतं.

ते संपलं की कुठे जायचं, ते मला ठाऊक होतं. आमच्याकडे भात झोडून झालं की वीटभट्टीवर जातात. वडील गेल्यावर आई आणि मी जायचो. मी साइटवर लागलो तेव्हापासून आई एकटी जायची, पाड्यातल्या माणसांबरोबर. पहाटेच्या थंडीत गार चिखल तुडवून तिच्या टाचा चिरायच्या, त्या पावसाळा लागेपर्यंत भरत नसत. मी खलाशी म्हणून टिकलो तर तिला बोईसरला आणून ठेवता आलं असतं. नाही टिकलो तर दोघांनी भट्टीवर. परीक्षेत माझं पणाला लागलं होतं ते एवढंच.

प्रेमलाबाई मेहेर बोईसर-तारापूर रस्त्यालगतच्या एका गावात प्राथमिक शाळेत शिकवत. वय पस्तीसच्या आसपास. लग्न केलेलं नव्हतं; का, ते आम्ही विचारलं नाही. चिकूच्या वाडीत कौलारू दोन खोल्या भाड्यानं घेऊन राहत. वाडीच्या विहिरीवर आम्ही साइटवरचे मजूर पाणी भरायला जायचो, म्हणून त्या माहीत.

त्या मूळच्या सातपाटीच्या. त्यांची आई आनंदीबाई मासळी विकायची. तिला लिहिता येत नव्हतं. मासळी मोजताना एका जातीची वीस झाली की ती त्या जातीची एक शिंपली बाजूला टाकायची. संध्याकाळी शिंपल्या मोजल्या की दिवसाची मासळी कळायची, आणि कोणती मासळी जास्त येते तेही कळायचं. पाटीजवळ बसून शिंपल्या टाकायचं काम लहानपणी प्रेमलाबाईंकडे असे.

मॅट्रिकला त्या इंग्रजीत दोनदा नापास झाल्या. शब्दकोश घेऊन पहिल्या अक्षरापासून पाठ करत होत्या. ‘दोन अक्षरं संपेपर्यंत वर्ष संपलं,’ असं त्यांनी आम्हांला सांगितलं होतं. तिसऱ्या वर्षी शब्दकोश बाजूला ठेवला. नेमलेलं पुस्तक आणि जुने पेपर पुढे घेतले, आणि कोणता शब्द किती वेळा येतो ते मोजलं. वीस झाले की शिंपली. ज्याच्यापुढे शिंपल्या जास्त, तो शब्द आधी शिकायचा. त्या वर्षी पास झाल्या. पुढे ट्रेनिंग केलं, मास्तरीण झाल्या. पण शिंपल्यांचं त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. लोक हसतील असं वाटायचं.

आम्ही त्यांच्याकडे गेलो तेव्हा त्यांनी ते पहिल्यांदा सांगितलं. कोणी हसलं नाही. आम्हांला ते सरळ वाटलं. पोत्यात जास्त काय आहे ते आधी बघायचं, एवढीच तर गोष्ट.

सुरुवातीला आम्ही नऊ जण होतो. सकाळी साडेसहा ते साडेसात, वाडीतल्या ओट्यावर. आठला साइटवर हजेरी. फी नव्हती. एक दिवस चुकला तर त्या काही बोलत नसत, पण लागोपाठ दोन दिवस चुकला त्याला तिसऱ्या दिवशी ओट्यावर जागा नसे. आषाढापर्यंत पाच उरलो. त्यात मी आणि माझ्याच पाड्यावरचा चिंतू.

सहा आठवडे नुसती अक्षरं. मोठी वेगळी, लहान वेगळी. दुसरीकडे बाईंनी आम्हांला सांगून ठेवलं होतं, कामावर वापरून टाकलेला इंग्रजी कागद दिसला की आणा. पुस्तकातला शब्द तुमच्या कामाचा नाही; तुमच्या कामावर जे लिहिलं जातं तेच मोजायचं. बाकीच्या चौघांना सवड नसायची. मी म्हणालो, मी आणतो.

शांताराम फोरमनना विचारूनच आणायला लागलो. त्यांनी बजावलं, केंद्राच्या आतल्या कुठल्याही कागदाला हात लावायचा नाही. फक्त आमच्या ठेकेदाराचा, जाळायला काढलेला कचरा. तशी चिठ्ठी दिली. फाटकावरचा पहारेकरी रोज माझी पिशवी उलटी करायचा, चिठ्ठी बघायचा, आणि म्हणायचा, ‘जा भाई, जा. तेरी बारात का न्योता छपेगा इसपे.’

बाईंचं काम असं चाले. शाळेच्या जुन्या, बाद झालेल्या हजेरीपटांची मागची बाजू कोरी असे. तिच्या तळहाताएवढ्या पट्ट्या कापायच्या. एका शब्दाला एक पट्टी. आलेल्या कागदावर तो शब्द दिसला की पट्टीच्या मधोमध लाल पेन्सिलीनं तो लिहायचा, आणि कागदावर त्याच्या मागे-पुढे जे दोन-तीन शब्द असतील ते डावी-उजवीकडे निळ्या शाईनं. दुसऱ्या कागदावर दिसला की त्याच्याखाली दुसरी ओळ. लाल शब्दांची उभी रांग व्हायची, आणि त्या शब्दाचे शेजारी कोण ते दोन्ही बाजूंना दिसायचं. ‘शब्द एकटा राहत नाही. त्याचे शेजारी ओळखलेस की तो ओळखलास,’ असं त्या म्हणायच्या. वीस ओळी झाल्या की वाटीत एक शिंपली. पट्टी भरली की तिला दुसरी सुतळीनं जोडायची, आणि सगळ्या बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात.

एका कागदाला पाव तास लागायचा. मी घड्याळ लावून पाहिलं आहे. अडीच महिन्यांत मी चारशे बारा कागद दिले. म्हणजे शंभरावर तास. शाळा सांभाळून, दुपारी आणि रविवारी. कुणासाठी, तर ज्यांचं त्यांना काही देणं लागत नव्हतं अशा पाच मजुरांसाठी.

मोजून झालं तेव्हा सगळ्यांत मोठ्या सुतळ्या निघाल्या त्या ‘काइंडली’, ‘लेटर’, ‘रिसीव्हड’, ‘रिगार्डिंग’ अशा शब्दांच्या. बाईंना जरा नवल वाटलं. पण मोजणीत आलं ते आलं, म्हणून तेच शिकवलं. आम्ही मन लावून शिकलो. ‘काइंडली’ म्हणजे कृपा करून, हे मला झोपेत विचारलं असतं तरी सांगितलं असतं.

ऑगस्टमध्ये परीक्षा झाली. शांताराम फोरमननी पाच टॅग माझ्यापुढे टाकले. वाचायचे, आणि काय करशील ते सांगायचं. पाचांत मिळून मला दोनच शब्द ओळखता आले: ‘नंबर’ आणि ‘सेंटर’. फोरमननी विचारलं, तीन महिने शिकलास ते काय? एखादा शब्द सांग. मी सांगितलं, ‘काइंडली.’

टोळी हसली. शांताराम हसले नाहीत. ते म्हणाले, ‘देवू, वजन कुणाला विनंती करत नाही.’

आम्ही पाचही जण नापास. त्या दिवसापासून टोळीत माझं नाव काइंडली पडलं. जेवणाच्या सुट्टीत चिंतू स्वतः नापास असून हात जोडायचा, ‘काइंडलीसाहेब, काइंडली चटणी इकडं द्या.’

बाईंना मी पाचही टॅगवरची अक्षरं जशी आठवली तशी लिहून दाखवली. त्यांनी डबा उघडला. ‘अनटिल’ शोधला, पट्टीवर दोनच ओळी. ‘लिफ्ट’ला तीन. ‘स्लिंग’ची तर पट्टीच नव्हती. स्लिंग म्हणजे वजनाला घालायचा तारदोराचा फास. आमच्या हातात तो सकाळपासून संध्याकाळपर्यंत असतो.

त्यांनी सगळ्या पट्ट्या परत एकदा चाळल्या. मग म्हणाल्या, ‘रोज हातात असलेली वस्तू चारशे कागदांत एकदाही नाही, असं होणार नाही. माझीच मोजणी कुठेतरी चुकली.’

आणि त्यांनी सगळे कागद परत काढले. पहिल्यापासून मोजायला घेतले. मी म्हणालो, राहू द्या बाई. त्यांनी ऐकलं नाही. आठ दिवसांत दीडशे कागद परत मोजून झाले. रविवारी मी समोर बसून एकेक कागद पुढे करत होतो. चूक एकही निघत नव्हती. चूक निघत नाही म्हणून त्या आणखी हळू मोजायला लागल्या. बोटाला पेन्सिलीचा घट्टा पडला होता, त्यावर चिंधी गुंडाळून मोजत होत्या.

त्याच संध्याकाळी मी विहिरीवर हातपाय धूत होतो. चिंतू बाजूला बादली भरत होता. तो सहज म्हणाला, ‘आज नाय काही फेकलंस? बेस झाला. तुझ्या तेलकट कागदांनी वरवंड्यामागचा सगळा खड्डा बुजला हाय.’

मी तसाच उभा राहिलो.

आमच्याकडे कुणाला काही द्यायचं तर निवडून, पाखडून द्यायचं. आई शेजारणीला ओंजळभर नागली देणार असली तरी सूप घेऊन बसते. खडा, फोलपट, किडका दाणा आपल्या घरी ठेवायचा. दुसऱ्याच्या पदरात चांगलं घालायचं. मी तेच केलं होतं. साइटवरून पिशवीत मिळेल ते भरायचो, आणि बाईंकडे जाण्याआधी विहिरीवर बसून निवडायचो. ग्रीसनं भिजलेले, चिखलाचे, फाटके टॅग वरवंड्यामागच्या, म्हणजे विहिरीजवळच्या बुटक्या भिंतीमागच्या, खड्ड्यात. ऑफिसातली टाइप केलेली, पांढरी, सिमेंटची आणि रजेची बाद पत्रं बाईंना. मास्तरीणबाईंच्या हातात घाण कागद कसा द्यायचा?

ओल्या पायानं तसाच वाडीत गेलो. बाई अजून मोजतच होत्या.

‘बाई, मोजू नका,’ मी म्हणालो. ‘मोजणी बरोबर हाय. कागद मी निवडून आणलं.’

‘निवडून म्हणजे?’

‘तेलाचं, ग्रीसचं सगळं फेकलं. चांगलं तेवढं तुमाला दिलं.’

बाईंनी पेन्सिल खाली ठेवली. ‘किती फेकलेस?’

‘मोजलं नाय.’

‘ते तरी मोजायचं,’ त्या म्हणाल्या.

शंभर तास एकदा, आणि वर चाळीस. मला वाटलं, आता उद्यापासून येऊ नको म्हणतील. मी त्यांच्या जागी असतो तर म्हणालो असतो. त्यांनी बोटाची चिंधी सोडली, परत नीट बांधली, आणि मग बोलल्या. ‘अरे, मी आईच्या पाटीजवळ बसून वाढले. शाळेत माझ्या वह्यांना मासळीचा वास यायचा. मला तेलाचं काय सांगतोस? पाखडायचं ते मी पाखडीन. तू नुसतं आण. हाताला लागेल ते आण.’

मग एवढंच म्हणाल्या, की आईला पापलेट आवडायचं, म्हणून तिनं पापलेटंच मोजली असती तर समुद्रात दुसरं काही नाही असंच तिला वाटलं असतं.

पत्रं मोजून झाली होती, म्हणून दुसऱ्या दिवशी मी पिशवी नुसत्या टॅगांनी भरली. पहारेकऱ्यानं उलटी केली आणि दोन पावलं मागे सरला. ‘पहले थोड़ा साफ काग़ज़ भी होता था, अब पूरा कीचड़? दिमाग़ फिर गया तेरा?’ ग्रीस त्याच्या बुटाला लागलं. मी माझ्या फडक्यानं पुसून दिलं.

तेलकट टॅगवर बाई चुलीतली चाळलेली राख टाकून ठेवायच्या. राख तेल ओढून घ्यायची. मग ओलसर टॅग ओट्यावर आडव्या दोरीला लटकवायच्या, बोंबील वाळत घालतात तसे. भादव्यातला पाऊस बाहेर, आणि आत दोरीवर टॅगांच्या रांगा. चिंतू वर बघून म्हणाला, ‘बाई, हे सुकं बाजारात कधी न्यायचं?’ बाई म्हणाल्या, ‘तू डोक्यावर पाटी घेणार असशील तर उद्या.’

दहा आठवड्यांत पाचशे तीस टॅग. या वेळी मी एकटा नव्हतो. पाचही जण आणत होतो, आणि मोजायलाही बसत होतो. अक्षरं आता येत होती. एक जण कागद वाचणार, दुसरा पट्टी काढणार, तिसरा ओळ लिहिणार. बाई प्रत्येक ओळ तपासायच्या. लाल शब्द रांगेत नसला, तिरका गेला, की ओळ परत. मी पहिल्या आठवड्यात बावीस ओळी परत लिहिल्या. दहाव्या आठवड्यात एक.

आता डबा वेगळाच दिसायला लागला. ‘लिफ्ट’च्या नऊ शिंपल्या झाल्या. ‘लोड’, ‘स्लिंग’, ‘चेक’, ‘हिअर’, ‘अंडर’, ‘बिफोर’ यांच्या सुतळ्या लांबल्या. ‘काइंडली’ पाचशे तीस टॅगांत एकदाही आला नाही.

‘अनटिल’ची पट्टी बाईंनी आमच्यापुढे धरली. सत्तेचाळीस ओळी. त्यांतल्या चव्वेचाळीसांमध्ये त्याच्या डावीकडे ‘डू नॉट’, म्हणजे करू नका. अनटिल म्हणजे अमुक होईपर्यंत, हे त्यांनी नंतर सांगितलं. आधी आम्हांला बघू दिलं. आम्हीच ओळखलं, की हा शब्द दिसला की हात थांबवायचा आणि उजवीकडे काय लिहिलंय ते वाचायचं. तसं कुणी तोंडी सांगितलं असतं तर आठ दिवसांत विसरलो असतो. सत्तेचाळीस ओळी आम्हीच लिहिल्या होत्या.

शेवटी त्यांनी हिशेब सांगितला. साठ शब्द पक्के झाले तर टॅगवरच्या शंभरांतले ऐंशी शब्द वाचता येतील. मी विचारलं, उरलेले वीस?

‘ते कधीतरी एकदाच येणारे. ते मी शिकवू शकत नाही,’ बाई म्हणाल्या. ‘ते विचारायचे. लाज वाटली तरी विचारायचे. येत नाही ते येतं असं दाखवू नको.’

दिवाळी झाली. भात झोडून झालं. दुसऱ्या सोमवारी मुकादमाचा ट्रक पाड्यावर येणार असा निरोप आईनं पाठवला होता. त्याच निरोपात विचारलं होतं, की भट्टीवर जायाचं का नाय ते कळव. गोधड्या बांधायच्या आहेत. परीक्षा त्याच्या आदल्या शनिवारी होती.

या वेळीही पाच टॅग. पहिले चार मी वाचले. घाई केली नाही. प्रत्येकात आधी ‘डू नॉट’ आहे का ते बघितलं, मग बाकीचं. शांताराम नुसते मान हलवत होते.

पाचवा टॅग जुना, पिवळा पडलेला होता. डू नॉट लिफ्ट अनटिल. मग एक शब्द. मग इज रिमूव्हड.

तो मधला शब्द मी कधी पाहिला नव्हता. डब्यात नव्हता. मी अक्षरं लावली. ‘डनेज’ असं काहीतरी होत होतं. टोळी बघत होती. मागून कोणीतरी हळूच ‘काइंडली’ म्हणालं. मला कळत होतं, की चार बरोबर आले आहेत. पाचव्याला काहीतरी ठोकून द्यावं, बोल्ट म्हणावं, साखळी म्हणावं, कदाचित जमून जाईल. आईच्या गोधड्या डोळ्यांपुढे होत्या.

मी म्हणालो, ‘काहीतरी काढल्याबिगर उचलायचं नाय, असं लिवलंय. काय काढायचं तो शब्द मला येत नाय.’

‘मग काय करशील?’

‘उचलणार नाय. विचारून येईन.’

शांतारामांनी टॅग माझ्या हातातून घेतला आणि खिशात ठेवला. ते इथे येण्याआधी मुंबईला गोदीत कामाला होते. त्यांनी सगळ्या टोळीला ऐकू जाईल असं सांगितलं, की हा टॅग तिथला आहे. पेटीखाली, बाजूला अडकवलेल्या सुट्या लाकडांना गोदीत डनेज म्हणतात. तो शब्द तेव्हा त्यांनाही येत नव्हता. विचारायची लाज वाटली. तसंच उचललं. लाकडं चाळीस फुटांवरून खाली आली. खाली उभा असलेला माणूस विडी पेटवायला दोन पावलं बाजूला झाला होता, म्हणून वाचला.

‘पास,’ ते म्हणाले. ‘पुढचा.’

पाचांतले चार पास झालो. चिंतूही झाला, आणि माझ्यापेक्षा त्यानं दोन शब्द जास्त वाचले, हे तो अजून सांगतो. पाचवा तीन महिन्यांनी झाला. तोवर शांतारामांनी त्याला सांभाळून घेतलं.

सोमवारी मला रजा हवी होती, आईला आणायला. अर्ज मी स्वतः इंग्रजीत लिहिला, ऑफिसातल्या त्या पांढऱ्या पत्रांच्या सुतळ्या पुढे ठेवून. चार ओळींना दीड तास लागला. शांतारामांनी वाचला, ‘काइंडली’वर बोट ठेवलं आणि म्हणाले, ‘इथे बरोबर बसलाय.’ सही केली.

एकतीस वर्षं मी खलाशाचं काम केलं. आधी तिथे, मग बोईसरच्या कारखान्यांमध्ये. माझ्या टोळीत वजन उचलताना कोणी जायबंदी झालं नाही. मागून आलेल्या पोरांना मी सांगत असे, येत नाही ते विचार. त्यांना वाटायचं हे माझं आहे. ते बाईंचं. बाईंनी पुढे बारा वर्षं तो ओटा चालवला. एका डब्याचे अकरा झाले. पुढे निवृत्त झाल्यावर त्या सातपाटीला गेल्या, तिथेही मासळी विकणाऱ्या बायकांना बाजारातल्या आणि बँकेतल्या कागदांवरचे शब्द मोजून शिकवत होत्या. त्यांचं नाव कुठल्या पाटीवर नाही. माझ्या घरात शिजलेला प्रत्येक दाणा मी त्यांच्या नावाचा धरतो, आणि हे फुगवून सांगत नाही.

त्या सोमवारी आई आणि मी पाड्यावरून निघालो. मनोरच्या नाक्यावर आमची बस उभी होती तेव्हा मुकादमाचा ट्रक समोरून आला. आईनं तो बघितला, मग पायांतलं गाठोडं जवळ ओढलं. गाठोड्यात नवा तांदूळ होता. सामान खोलीवर टाकून ती आधी बाईंकडे आली. ओट्यावर टेकली नाही. उभ्यानंच गाठोडं पुढे केलं.

‘नवा तांदूळ हाय, बाई. पाखडून आणलाय.’

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं. ‘हा मात्र बरोबर आणलात,’ त्या आईला म्हणाल्या. ‘तांदूळ पाखडूनच द्यायचा.’ आणि हसायला लागल्या. मग मलाही हसू आवरेना.

आईला काही कळलं नाही. परत जाताना वाडीच्या कुंपणापाशी तिनं मला थांबवलं आणि काय हसत होता ते विचारलं. मी सगळं सांगितलं: विहीर, खड्डा, तेलकट टॅग, बाईंचे फुकट गेलेले तास.

ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, ‘ते खरं. पण घाण कागद बाईंच्या हातात कसा द्यायचा?’